आठ अक्षरांत बसेल एवढं

दुकान,
३ जानेवारी

चि. धाकट्यास अ. उ. आ.

तुझ्या खेळीची फ्लॉपी पोचली. दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये ती, वर सुतळी आणि सुतळीला सात गाठी. नकाशे काढणाऱ्या माणसाचं पार्सल ते! सोडवायला पकड घ्यावी लागली. तुझी वहिनी म्हणाली, पन्नाशीला टेकलेली दोन माणसं टपालाने लढाया खेळतात, कुठे बोलू नका, दुकानात गिऱ्हाईक यायचं बंद होईल.

एकतिसावी खेळी बघितली. लबाडा, पुलावर पुन्हा आत्याला बसवलंस! रणगाड्यांना घरच्यांची नावं द्यायची तुझी खोड जायची नाही. पण आत्या शोभते खरी. सगळ्यांत जड, एका खेळीत एकच घर सरकणार, आणि एकदा बसली की उठायचं नाव नाही. मामाची तोफ तशीच, लांब मागे राहून नुसता आवाज. या खेळात नावाला इंग्रजी आठच अक्षरं मिळतात, नाहीतर तू आत्याच्या सासरचं आडनावसुद्धा लावलं असतंस. असो. मी नदी खालच्या अंगाने ओलांडतोय, हे तुला सांगून ओलांडतोय, बघू काय करतोस. चाळीस खेळ्या झाल्या की कॉम्प्युटरचं यंत्र आपणहून लढाई थांबवून निकाल सांगणार. आता नऊच राहिल्या आहेत.

दुसरं. परवा फोनवर तू सर्दी झालीय म्हणालास. मी तीस वर्षं पंपांच्या जळक्या मोटारी नवी तार गुंडाळून भरतोय. बेअरिंग गेलेली मोटार मला रस्त्यावरून ऐकू येते. ती सर्दी नव्हती. एका वाक्यात तू दोनदा थांबलास. खरं काय ते लिही, नाहीतर मी येऊन उभा राहतो.

सूनबाईस आशीर्वाद. लोभ आहेच, पण पूल सोड.

तुझा
दादा

---

घर,
१४ जानेवारी

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

तुझे कान कापून कपाटात ठेवायला हवेत. यापुढे फोन बंद. फोनवर तू माझं बोलणं ऐकत नाहीस, माझा श्वास ऐकतोस. पत्रात निदान मला पाहिजे तिथे स्वल्पविराम देता येतो.

फुप्फुसात काहीतरी निघालंय. डॉक्टरांनी त्याचं जे नाव सांगितलं ते आठ अक्षरांत बसणारं नाही. औषधं चालू आहेत, ऑफिसातून रजा घेतलीय. यंत्र पलंगाजवळ आणून ठेवलंय, त्यामुळे तुझी दैना जवळून बघता येते. खालून नदी ओलांडलीस ना? आता मागे वळून बघ, तुझी रसद तोडलीय. तुझ्या शूर पायदळाला दोन खेळ्यांत उपास घडणार.

पण तू येऊ नकोस. फरशीवर बटणांची लढाई खेळायचो ते आठवतं? तू समोर बसून माझ्या तोंडाकडे बघायचास, आणि माझं मोठं काळं बटण कुठल्या मुठीत आहे ते सांगायचास. आयुष्यात एकदा तरी मला तोंड न दाखवता तुला हरवायचंय. चाळिसावी खेळी होऊ दे, मग ये, पडलेलं तोंड घेऊन ये. त्याआधी आलास तर माझी शपथ आहे.

वहिनीला नमस्कार. तिला सांग, दुकानातल्या गिऱ्हाइकांना दादा हरतोय एवढंच कळव, बाकी गुपित ठेव. लोभ वाढावा, रसद तुटलेलीच राहावी.

तुझा
धाकटा

---

घर,
१२ फेब्रुवारी

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

ह्यांच्या हातात पेन ठरत नाही, म्हणून हे सांगताहेत तसं मी लिहून घेते आहे.

ह्यांचं सांगणं असं की ही पस्तिसावी खेळी आहे. फ्लॉपी आल्याबरोबर त्याच दिवशी यंत्रात घाल. चहा नंतर घे. आत्याने काय केलंय ते नीट बघ, घाई करू नकोस, वरून खाली बघ. बाकी सगळं ठीक. लोभ असावा.

यापुढचं माझं. हे आता झोपले आहेत. दादा, काल ह्यांनी एका बोटाने दोन तास यंत्रावर टकटक केलं. मी मदत करू का विचारलं, तर मला खोलीतून बाहेर घालवलं, म्हणाले की ही युद्धातली गुप्त बाब आहे, बायकोलाही सांगायची नाही. नंतर दमून तसेच उशीवर कलंडले. डॉक्टर मला एकटीला म्हणाले की महिना, फार तर दोन. ह्यांना हे ठाऊक नाही आणि मी तुम्हाला कळवल्याचंही कळता कामा नये. मी काय करू ते सांगा.

आपली
सूनबाई

---

दुकान,
१८ फेब्रुवारी

चि. सौ. सूनबाईस अ. उ. आ.

तुझं पत्र दुकानात उभ्याने वाचलं आणि मग स्टुलावर बसलो.

पहिल्यांदा वाटलं, शपथ गेली खड्ड्यात, गाडीत बसावं. मग विचार केला. मी दारात दिसलो की त्याला त्याच क्षणी कळणार की डॉक्टर काय म्हणाले. मी त्याचं तोंड वाचतो तसा तो माझं वाचतो.

म्हणून एक युक्ती काढलीय, त्याला सांगू नको. खेळ्या राहिल्या पाच. मी जितका उशीर लावीन तितकी लढाई लांबेल. माणूस उद्याच्या टपालाची वाट बघत असला की उद्यापर्यंत नेटाने थांबतो, असं मला वाटतं. आणि माझा धाकटा तर डाव अर्धा टाकून उठणाऱ्यातला नाही, तापातसुद्धा बटणं मोजून मगच झोपायचा. ती फ्लॉपी मी यंत्रात घातलेलीच नाही. घातली तर माझाच हात राहणार नाही, तासाभरात उत्तर देऊन मोकळा होईन. तिला कागदात गुंडाळून खणात, तांब्याच्या तारेच्या रिळांमागे ठेवलीय. त्याने विचारलं तर सांग, दादाचं यंत्र बिघडलंय, सुट्या भागासाठी थांबलाय.

मी जन्मात गिऱ्हाइकाला ‘उद्या या’ म्हटलं नाही, सूनबाई. आता सख्ख्या भावाला म्हणतोय. तुला पटतंय का ते लिही.

तुझा
दादा

---

घर,
८ मार्च

ती. दादांस शि. सा. न. वि. वि.

तुमची युक्ती पटली. मलाही काहीतरी पटायला हवंच होतं.

हे रोज विचारतात. टपालवाल्याची सायकल फाटकाशी थांबली की मान उचलतात. पहिल्या आठवड्यात विचारलं, दादाने खेळी बघितली का? मी यंत्राचं कारण सांगितलं. त्यावर हसू आलं त्यांना, खोकलाही आला. म्हणाले, दादाचं यंत्र आणि तीन दिवस बंद? दुसऱ्या आठवड्यात खेळीचं उत्तर आलं का असं नाही विचारलं, नुसतं विचारलं की त्याने बघितली तरी असेल ना? मी म्हटलं, अजून नसेल. मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले.

परवापासून विचारायचे बंद झाले आहेत. सायकल थांबली तरी मान उचलत नाहीत. दादा, आपलं काही चुकत तर नाही ना? मला वाटतं आता पाठवावी. तुम्ही ठरवाल तसं.

आपली
सूनबाई

---

दुकान,
२७ मार्च

चि. सूनबाईस अ. उ. आ.

त्याचं दहावं-तेरावं उरकून तुझ्याकडून काल परत आलो. तिथे तुला जे सांगायचं राहिलं ते लिहितो. तुझं आठ तारखेचं पत्र मला अकराला मिळालं. त्याच दिवशी खेळी करून पाठवायची असं ठरवून मी खण उघडला, पुन्हा मिटला. म्हटलं, अजून दोन दिवस मिळवू त्याला. चौदाला तुझा फोन आला. ते दोन दिवस त्याला नाही मिळाले, मीच त्याचे घेतले.

आज सकाळी फ्लॉपी यंत्रात घातली. खेळी कसली! पूल मोकळा होता. आत्या उठली होती, सूनबाई. सगळ्या लढाईत जी एकदा हलली नाही ती बाजूला होऊन रस्त्याच्या कडेला उभी होती. त्याची उरलेली पाचही पथकं पुलापासून त्याच्या शहरापर्यंत रस्त्याच्या एका अंगाला रांगेत उभी, एकही तोफ माझ्याकडे वळलेली नाही. अशी खेळी त्याने आयुष्यात केली नसती. मला वाटलं, दमला, चुकला.

मग आठवलं, वरून खाली बघ म्हणाला होता. मी आत्यावर बाण नेला. पथकावर बाण नेला की खाली त्याचं नाव दिसतं. आत्या नव्हतीच तिथे. त्याने सगळ्यांची नावं बदलली होती. पहिल्याचं नाव होतं दादा. दुसऱ्याचं, ये. तिसऱ्याचं, आता. चौथ्याचं नाव, घाबरलो. इंग्रजीत लिहिलं की बरोबर आठ अक्षरं होतात, मी बोटावर मोजली. पाचव्याचं, आहे.

पत्र तुझ्या हातून जाणार, तुझ्यादेखत हे त्याला म्हणवलं नसतं. फोन त्याने स्वतःच बंद केलेला. शपथही त्यानेच घातलेली. राहिली ती माझ्यापर्यंत थेट येणारी एक वाट, म्हणून दोन तास एका बोटाने त्याने तिच्यावर मला बोलावलं. आणि त्याचं ते बोलावणं मी माझ्या शहाणपणापायी एक महिना तारेच्या रिळांमागे ठेवलं. एवढं माझ्या कानांचं कौतुक, आणि हाताच्या अंतरावरच्या खणातली हाक मला ऐकू आली नाही.

तू स्वतःला काही लावून घेऊ नकोस. तू मला आठ तारखेला सांगितलं होतंस. तुला माझा शब्द मोडवला नाही एवढाच तुझा दोष, आणि तो दोष घरातल्या सगळ्यांचा आहे, मीच लावलेला.

मी खेळी केली. सगळं सैन्य होतं तिथे ठेवलं आणि एकच रणगाडा पुलावरून नेला, त्या पाच जणांच्या शेजारून, शहराच्या दारापर्यंत. त्याचं नाव बदलून ‘आलो’ असं ठेवलं. यंत्राने आवाज केला आणि पडद्यावर अक्षरं आली, की आता दुसऱ्या खेळाडूने बसावं. बराच वेळ ती लुकलुकत होती.

फ्लॉपी आजच्याच टपालाने पाठवतोय. पुठ्ठे त्याचेच लावलेत, सुतळीही त्याचीच. त्याच्या यंत्राजवळ ठेव, एवढंच मागणं आहे, लावू नकोस.

लोभ असावा असं दरवेळी लिहीत आलो. या वेळी ते तुझ्यावर सोडतो.

तुझा
दादा