जेवणानंतरचा रेडिओ

आप्पा,

सहाची बस धरतेय. शहरात उद्यमबागेतल्या कारखान्यातल्या नोकरीला हो म्हटल्यापासून तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत, म्हणून लिहून ठेवते.

कपाटावर मी तुमच्यासाठी आणलेला शॉर्टवेव्ह रेडिओ आहे. "मोबाईलवर सगळं येतंय की, ह्यो डबा कशाला?" असं तुम्ही धोंडूआत्याला म्हणालात, ते मी ऐकलं. पण तुम्ही दिवस मावळायच्या आत जेवता आणि मग झोपेपर्यंत नुसते बसून असता. दूरची स्टेशनं नेमकी त्याच वेळी चांगली लागायला लागतात.

काट्याचा मुद्दाम घेतला नाही. नवख्याला त्यावर एकदा सापडलेलं स्टेशन परत सापडत नाही. यावर आकडा दिसतो. सेलवर चालतो, लाईट गेली तरी अडत नाही. एरियल पूर्ण ओढा आणि बाहेर कट्ट्यावर बसा. घरात एलईडी बल्बजवळ खरखर लई येते.

असाच दुसरा मी तिकडच्या माझ्या खोलीवर नेलाय. दोन्हींच्या एक नंबरच्या बटणावर एकच स्टेशन धरून ठेवलंय. रात्री साडेसातला मीही तेच लावीन. लागलं तर फोन करा. बोलायचं नसेल तर फोन नुसता रेडिओजवळ धरा. तुमच्याकडंही लागलं, एवढं मला कळेल.

क्षमा