आठ जीबीचा सूड

सिडको, छत्रपती संभाजीनगर
१४ ऑक्टोबर २०२५

ती. आशाआत्यास,
अपेक्षाचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला ऐकू येत नाही आणि मेसेज तू उघडत नाहीस, म्हणून शेंद्र्याच्या कंपनीत जेवणाच्या सुट्टीत हे लिहायला बसले आहे. ड्रॉइंग विभागातली सगळी जणं बघतायत, ही बाई कागदावर एवढं काय लिहिते म्हणून. शिव्या लिहिते. आपल्या शिवराजला.

परवा रविवारी निराला बाजारातल्या गेमिंग कॅफेत गाड्यांच्या शर्यतीची स्पर्धा होती. आपापला कॉम्प्युटर घरून उचलून न्यायचा आणि त्यावरच खेळायचं. शेवटच्या फेरीत मी पहिली होते, शिवराज दुसरा. एकच चक्कर उरली होती आणि माझा पडदा काळा झाला. जळका वास सुटला. ग्राफिक्स कार्ड गेलं. कॉम्प्युटरमधला जो भाग पडद्यावरचं चित्र काढतो तो म्हणजे हे कार्ड. ते गेलं की ना गाडी दिसते ना रस्ता. शिवराज जिंकला आणि पुण्याच्या फेरीला आता तोच जाणार.

ते कार्ड मला ऑगस्टमध्ये शिवराजनंच विकलं होतं, त्याच्या मशीनमधलं जुनं, चार जीबीचं. चुलत असला तरी सख्ख्यासारखा, म्हणून मी पावतीसुद्धा मागितली नाही. ते मरायला टेकलंय हे त्याला माहीत होतं, म्हणून तर माझ्या गळ्यात मारलं. छावणीत मित्राच्या मोबाइलच्या दुकानात तो टेबल टाकून दुरुस्त्या करतो ना, तिथं काल गेले. तीन गिऱ्हाइकांसमोर कार्ड टेबलावर आपटलं आणि त्याला चोर म्हटलं. माझ्याकडं दोन वर्षं होतं, एकदा बी बंद पडलं नाय, एवढंच बोलला आणि कार्ड ड्रॉवरमध्ये टाकून दिलं.

तू खंडेनवमीला इथं होतीस. मी कंपनीच्या पूजेला गेले होते, पण आई सांगते, तू माझा कॉम्प्युटर पाटावर आडवा निजवून हळदकुंकू, अक्षता, माळ सगळं साग्रसंगीत केलंस. उन्हाळ्यापासून मी त्याचं एका बाजूचं झाकण काढूनच ठेवलंय, आत हवा लागावी म्हणून. एवढ्या थाटाची पूजा झाली, तरी त्या चोराचा माल काही टिकला नाही.

चौदा डिसेंबरला पुन्हा स्पर्धा आहे. मला त्याला हरवायचं आहे, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. दिवाळीचा सगळा बोनस नव्या कार्डात घालणार. पण मशीन सात वर्षांचं जुनं, त्यात कुठलं कार्ड चालेल ते कळेना. तू जन्मभर विज्ञान शिकवलंस, तू सांग.

माझ्यावर लोभ ठेव, शिवराजवरचा काढून घे.

तुझी,
अपेक्षा


अजिंठा
१८ ऑक्टोबर, धनत्रयोदशी

चि. अपेक्षास,
आशाआत्याचे अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र तीनदा वाचलं. वाती वळायच्या राहिल्या, करंजीचं सारण करपलं, पण मन शांत होईना. तू त्याला चोर म्हणालीस ते बरं केलंस. मी असते तर चार गिऱ्हाइकं बाहेरून बोलावून आणली असती.

मला नवल वाटलं नाही, कारण मी त्याच्या वडिलांना ओळखते. तात्यासाहेब तुझ्या वडिलांचा आणि माझा थोरला भाऊ, आमचा दादा, जगाला मोठा सज्जन. मी नववीत होते तेव्हा सुटे भाग जोडून एक रेडिओ तयार केला. तो वाजला, अपेक्षा. बातम्या लागल्या. दुसऱ्या दिवशी दादानं तो त्याच्या मित्राला देऊन टाकला, पोरीच्या जातीला काय करायचा रेडिओ म्हणून. ओढाताणीत त्याचा एक नॉब माझ्या मुठीत राहिला. पन्नास वर्षं तो माझ्या कपाटात साड्यांच्या खाली एका डबीत आहे. दादा घरी आला की मी त्याला चहा देते, आत जाते, डबी उघडून नॉब बघते आणि मग बाहेर येऊन बिस्किटं विचारते.

आता तुझं कार्ड. दुकानदार सांगेल ते ऐकू नकोस. आधी वीज पुरवणारा आतला डबा किती वॅटचा आहे ते बघ. कार्ड जेवढं खाईल तेवढं त्याला पुरवता आलं पाहिजे. मग शिवणकामाची टेप घेऊन आत लांबीला किती जागा आहे ते मोज. तिसरं, मशीनचा मेंदू जुना आहे. दांडग्या बैलाशेजारी म्हातारा जुंपला तर गाडी म्हाताऱ्याच्याच चालीनं जाते, तेव्हा उगाच सगळ्यांत मोठं कार्ड घेऊन पैसे घालवू नकोस. आणि हवा खेळती ठेव. उष्णतेला बाहेर पडायची वाट अडली की यंत्र मरतं, हे मी पस्तीस वर्षं वर्गात सांगितलं. शिवराजनं दहावीचं वर्ष माझ्या घरी काढलं, त्यालाही सांगितलं होतं. माझ्या हातचं जेवून हे शिकला तो.

बाकीचं माझ्यावर सोड. सिल्लोडच्या एका शाळेला अठरा कॉम्प्युटर घ्यायचे आहेत. तिथला मुख्याध्यापक बद्रीनाथ माझा विद्यार्थी. मीच शब्द टाकून ते काम शिवराजला मिळवून दिलं होतं आणि त्या एका कामाच्या जोरावर तो छावणीत स्वतःचं दुकान उघडणार होता. आजच बद्रीनाथला लिहिते. शिवाय आपल्या अकराही घरांना एकेक पोस्टकार्ड जाईल, या मुलाकडून सुईसुद्धा घेऊ नका म्हणून. अक्षर माझं वळणदार आहे, सगळ्यांना लागेल.

लोभ आहेच. रागही असाच ताजा ठेव.

तुझी,
आशाआत्या


सिडको
८ नोव्हेंबर

ती. आशाआत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र उशाशी घेऊन झोपते. ते नॉबचं तू आजवर कुणालाच कसं सांगितलं नाहीस?

आधी भाऊबीजेचं सांगते. मला आठवतं तेव्हापासून मी शिवराजला ओवाळत आले. यंदा पाटच मांडला नाही. तो आला, नवा शर्ट घालून, सोफ्याच्या कडेला बसून राहिला. आईनं पाणी दिलं. मी आतून बाहेर आलेच नाही. वीसेक मिनिटांनी उठून गेला. आई म्हणते खिशात सारखा हात घालत होता, ओवाळणीचं पाकीट असेल. राहू दे खिशातच.

आता कार्ड. तू सांगितलंस तसं सगळं मोजलं. डबा साडेचारशे वॅटचा निघाला. माझं मन बसलं होतं तीन पंख्यांच्या एका राक्षसावर, बारा जीबीचं, ते असतं तर शिवराजची गाडी मला आरशातसुद्धा दिसली नसती. पण ते लावायचं तर डबा बदला, आणि ते बारा इंच लांब, माझ्याकडं जागा साडेदहा. शेजारच्या टेबलावरच्या श्रेयानं तसलंच घेतलं होतं, तिनं पुढचा पत्रा कापला आणि तरी जुन्या मेंदूमुळं खेळ अडखळतोच आहे. तुझे बैल आठवले. दुसरं एक जुनंच पण ताकदीचं स्वस्तात मिळत होतं. जुनं आता मी देवाकडूनही घेणार नाही.

शेवटी आठ जीबीचं, दोन पंख्यांचं, नऊ इंची, विजेची एकच वायर लागणारं कार्ड ठरवलं. दुकानदार भला माणूस होता. म्हणाला, आधी जुनं दाखवा, पुष्कळदा नुसता पंखा गेलेला असतो, थोडक्यात काम होतं. मी म्हटलं, ते मी चोराच्या तोंडावर फेकून आले. मग राहू द्या म्हणाला. बोनस संपला. हिवाळ्याचा कोट राहिला, पण शिवराजचं तोंड उतरलेलं बघायला मिळालं की मला थंडी वाजणार नाही.

तुझाच आधार आहे. लोभ असाच राहू दे.

अपेक्षा


अजिंठा
१७ नोव्हेंबर

चि. अपेक्षास,
आशीर्वाद. पोस्टकार्डावर जागा कमी, म्हणून मुद्द्याचं. कार्ड योग्य निवडलंस, दहापैकी नऊ. एक गुण राक्षसाचा मोह झाला म्हणून कापला. बद्रीनाथचं उत्तर आलं. शिवराजचं काम काढून घेतलं. अकरा घरांपैकी सात घरांनी मला होकार कळवला. दादा मात्र गप्प आहे. काल मी डबी उघडून नॉबाला सांगितलं. लोभ मागत नाही, विजय माग.

आशाआत्या


सिडको
१५ डिसेंबर

ती. आशाआत्यास,
विजयी अपेक्षाचा शि. सा. न.

हरवला! तेही शेवटच्या वळणावर, अर्ध्या सेकंदानं. ऑक्टोबरात माझा पडदा काळा झाला ना, अगदी त्याच वळणावर. लोक उठून ओरडत होते. माझं कार्ड लोण्यासारखं चाललं, एकदाही अडखळलं नाही. मी मुद्दाम त्याच्या टेबलापाशी जाऊन उभी राहिले आणि विचारलं, आता कुणाला विकणार.

तो चिडला असता तर मजा आली असती. पण हात पुढं केला, कार्ड छान निवडलंस म्हणाला आणि जाता जाता म्हणाला, बाजूचं झाकण आता बंद ठेवत जा. मला सल्ले देतो! चोर तो चोर. त्याचं दुकान झालंच नाही. गाळा सोडला म्हणे. मला वाईट वाटलं नाही. थोडं वाटलं, पण ऑक्टोबर आठवला की जातं.

पेढे पाठवते. लोभ दुप्पट हवा.

तुझी,
अपेक्षा


छावणी, छत्रपती संभाजीनगर
१७ डिसेंबर

आशाबाईंस,
शिवराजचा नमस्कार.

आजवर अगं आत्या म्हणत आलो. आज तुम्ही लिहितो, कारण तुमचं बद्रीनाथ सरांना गेलेलं पत्र मी वाचलं आहे. त्यांनीच दाखवलं. त्यात तुम्ही लिहिलंय, या मुलाची नियत खोटी आहे. मी वर्षभर तुमच्या घरी जेवलो. एकदा मला विचारायचं तरी.

या कागदाच्या खाली चिकटपट्टीनं एक तांदळाचा दाणा लावला आहे. लाल दिसतोय ते कुंकू. अपेक्षानं कार्ड आपटलं त्याच संध्याकाळी मी ते उघडलं. एका पंख्याच्या बुडाशी असे नऊ दाणे ओल्या कुंकवात चिकटून वाळले होते. पंखा जागचा हलेना. दुसऱ्यानं दहा-अकरा दिवस एकट्यानं रेटलं आणि स्पर्धेच्या दिवशी पहिल्याची मोटर जळली. घरात झाकण काढलेलं मशीन पाटावर आडवं निजवून कुणी पूजा केली ते तुम्हाला माहीत आहे. उष्णतेची वाट अडली की यंत्र मरतं, हे पण मला तुम्हीच शिकवलं.

मी तेव्हाच का बोललो नाही? राग आला म्हणून. माझ्या गिऱ्हाइकांसमोर मला चोर म्हटली. मी ठरवलं, घालू दे बोनस नव्या कार्डात. छोटासा पंखा बदलला की जुनं चालत होतं, पण मी सांगणार नाय. तरी भाऊबीजेला राहवलं नाय. तो जळका पंखा दाण्यांसकट खिशात घालून गेलो होतो. ओवाळून झालं की हसत हसत ताटात ठेवणार होतो. पाटच नव्हता. मग मीही गप्प बसलो, आणि गप्प बसण्यात मला मजा येत होती, हे खोटं कशाला सांगू.

रविवारी मी त्याच कार्डावर खेळलो. तेच, चार जीबीचं. अर्ध्या सेकंदानं हरलो. अपेक्षाला हे सांगायचं की नाही, तुम्ही ठरवा.

अठरा कॉम्प्युटर गेले, गाळा गेला. बाबांना मी पोस्टकार्डाचं काही बोललो नाही, पण त्यांना कुणीतरी वाचून दाखवलं. ते दोन दिवस जेवले नाहीत. राग आहे, आणि तो जाईल असं मला वाटत नाही. लोभाचं तुम्ही बघा.

शिवराज


अजिंठा
२९ डिसेंबर

चि. शिवराजास,
आशीर्वाद. घ्यायचा की नाही ते तुझ्यावर.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी एसटीनं सिल्लोडला गेले. बद्रीनाथनं खुर्ची दिली, चहा दिला. तो काय बोलत होता ते मला ऐकू येईना, म्हणून त्यानं फळ्यावर लिहिलं, बाई, उशीर झाला, कॉम्प्युटर दुसऱ्याकडून आले. पस्तीस वर्षं मी फळ्यावर लिहीत आले. माझ्यासाठी कुणी पहिल्यांदा लिहिलं ते हे.

अकराही घरांना पुन्हा पत्रं टाकली. या खेपेला पोस्टकार्डं नाहीत, पाकिटं आहेत, कारण सगळं सविस्तर लिहायचं होतं. मशीन मी आडवं केलं, आतल्या सगळ्या भागांना पोचाव्या म्हणून अक्षता मूठभर टाकल्या, आणि नंतर मीच पुन्हा उभं केलं, हे माझ्या नावानं लिहिलं आहे. दादाला वेगळं लिहिलं. पहिलं पत्र लिहायला एक दिवस गेला आणि त्याचं लिहायला दोन. पन्नास वर्षांत मी त्याची पहिल्यांदाच माफी मागितली. रेडिओचं मात्र मी माफ केलेलं नाही, ते तो विचारणारही नाही.

अपेक्षाला तुझं पत्र जसंच्या तसं पाठवलं. तिची उलटटपाली एकच ओळ आली: आत्या, मला सध्या लिहू नकोस. तिचं बरोबर आहे. तिच्या रागात मी तेल ओतत होते आणि मला ते गोड लागत होतं. तू गप्प बसलास याचा दोष मी तुला देणार नाही, तुझ्यापेक्षा मी जास्त बोलले.

दुकान मला परत आणून देता येत नाही. जे येतं तेवढं करते. तालुक्यात माझे विद्यार्थी असलेले सहा मुख्याध्यापक आहेत. जानेवारीत एकेकाकडं जाऊन बसणार आहे, फळा असेल तिथं फळ्यावर, नसेल तिथं कागदावर बोलू. काम मिळालं तर तुझ्या हुशारीनं मिळेल, माझ्या शब्दाची किंमत मी उडवली आहे.

दाणा मी कागदावरून हळूच सोडवला आणि डबीत नॉबाच्या शेजारी ठेवला. काल दादा आला होता. पत्राचं एक अक्षर बोलला नाही, मीही नाही. चहा दिला आणि सवयीनं आत जाऊन डबी उघडली. नॉबाच्या आधी मला तुझा दाणा दिसला. बिस्किटं विचारायला बाहेर यायला मला बराच वेळ लागला.

पत्राच्या शेवटी लोभ मागायची सवय आहे. आज मागवत नाही.

तुझी,
आशाआत्या