सातव्या ग्रीनवरची रेघ

सोमवार, ३

केलं मी आज! तेल सांडलं. सातव्या ग्रीनवर, म्हणजे चेंडूच्या भोकाभोवतीच्या बारीक गवतावर, अगदी मधोमध.

काल साहेब म्हणाले होते, "महिनाअखेरीस तुला कायम करायचं बघतो." सहा वर्षं हंगामी म्हणून या गोल्फच्या मैदानाचं गवत कापतेय! हुरळली मेंढी लागली लांडग्याच्या मागे — तशीच यंत्रावर बसून निघाले. लक्ष कुठे होतं? मधल्या फेरीला खाली वाकून बघते तर नळीतून थेंब थेंब. दव एवढं, की गवतावर काही दिसेना.

नळी आवळली. यंत्र पुसलं. कुणाला बोलले नाही. पण तेल गरम होतं. गवत मरणार, फक्त कधी दिसतंय तेवढंच.

मंगळवार, ४

एक दिवस यंत्र माझ्याकडे, एक दिवस तात्यांकडे. आज त्यांचा दिवस, मी वाळूच्या खड्ड्यांतून दाताळं ओढत होते. सातव्या ग्रीनपाशी तात्या यंत्र थांबवून उभेच राहिले. मग बसले, कापून पुढे गेले.

तीन महिन्यांनी निवृत्त होतायत. मला यंत्र शिकवलं ते त्यांनीच. पहिल्या वर्षी माझ्या वाकड्या रेघा बघून 'नागमोडी' नाव ठेवलं, ते अजून चालूच आहे. जेवताना म्हणाले, "नागमोडी, चेहरा का पडलाय?"

"झोप नाही झाली."

"मग झोप की! गवत काय पळून चाललंय?"

बुधवार, ५

दोनदा जाऊन बघितलं. हिरवंगार. वाचले बहुतेक!

गुरुवार, ६

नाही वाचले.

तात्यांनाच आधी दिसली. बोटभर रुंद, करपलेली रेघ, या कडेपासून त्या कडेपर्यंत. "तू इथंच थांब, मी साहेबांना घेऊन येतो," म्हणाले आणि शेडकडे गेले. बराच वेळ लागला त्यांना.

साहेब आले ते शेडच्या भिंतीवरचा तक्ता हातात घेऊनच. ग्रीन आम्ही घड्याळासारखं धरतो, शेडच्या बाजूला बारा. रोज दिशा बदलून कापायचं, नाहीतर गवत एकाच अंगाला झोपतं. सोमवारी बारा-सहा, मंगळवारी तीन-नऊ, मग दोन दिवस तिरपं. कुणी कधी कसं कापलं ते तक्त्यात पेन्सिलीने लिहायचं.

रेघ तीन-नऊ होती. म्हणजे मंगळवार. म्हणजे तात्या!

मला कळेचना. तेल तर माझ्या हातून सांडलं — आणि मग डोक्यात लख्ख प्रकाश पडला. सोमवारी मी दिशाच चुकले होते. हवेत तरंगत तीन-नऊ कापलं आणि तक्त्यात सवयीने बारा-सहा लिहून मोकळी झाले!

तात्या मान खाली घालून म्हणाले, "असेल साहेब. वय झालं."

"पुढच्या रविवारी स्पर्धा आहे, तात्या. आता यंत्राला हात लावू नका. वाळूच ओढा."

स्पर्धेच्या सकाळी अठरावं ग्रीन दरवर्षी तात्या कापतात. यंदाचं त्यांचं शेवटचं. साहेबांनी यंत्राची किल्ली माझ्या हातात दिली. मी घेतली! शेण खाल्लं मी आज.

शुक्रवार, ७

नवरा बेकरीतून पहाटे येतो तेव्हा मी निघत असते. दारातच सगळं सांगितलं. डोळ्यांच्या पापण्यांवर पीठ, तसाच उभा राहून ऐकलं त्याने.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," म्हणाला. "ते तसेही चाललेच आहेत. तू कशाला आपल्या पायावर धोंडा पाडून घेतेस?"

दिवसभर तेच घोकत होते. पटत नाही. पण मग बोलतही नाही!

सोमवार, १०

मेलेली पट्टी कापून काढली. शेडमागच्या वाफ्यातलं गवत तिथे बसवायचं होतं. तात्या स्वतःहून आले. गुडघे दुखतात तरी ग्रीनवर गुडघे टेकून एकेक तुकडा तळहाताने दाबून बसवला. "पाणी जास्त घालू नकोस, कुजेल."

मला राहवेना. विचारलं, "तात्या, तेल गळताना तुम्हाला कळलं नाही?"

"म्हातारपणी काय काय गळतं, कुठं कुठं लक्ष ठेवू?"

स्वतःच हसले. मी पाण्याचा पाइप आणायच्या निमित्ताने उठले.

बुधवार, १२

चहाच्या टपरीवर खेळाडूंचं सामान उचलणारे तात्यांना बघून "तेली आले, तेली आले" म्हणत होते. एकाच्या अंगावर ओरडलेच मी. तो म्हणाला, "तुम्हाला का झोंबलं?"

शुक्रवार, १४

आज तात्या वाळू ओढता ओढता थांबून माझं यंत्र बघत होते. मी वळून बघितलं तर लगेच मान फिरवली.

बास झालं. उद्या सांगणार. कायम होणं गेलं खड्ड्यात!

शनिवार, १५

साहेबांना दाखवायला म्हणून भिंतीवरचा तक्ता उतरवला. खिडकीपाशी उजेडात धरला. मंगळवारच्या चौकटीत तात्यांच्या अक्षरात 'तीन-नऊ'. आणि त्याच्याखाली, रबराने खोडलेलं, पेन्सिलीचा दाब तेवढा राहिलेला — 'बारा-सहा'. तेही त्यांचंच अक्षर.

मंगळवारीच माझी चूक बघून त्यांनी दिशा फिरवून कापलं होतं. गुरुवारी साहेबांना बोलवायला गेले ते आधी हे खोडायला.

रडून घेतलं. मग साहेबांना सगळं सांगितलं. "तुला कायम करायचं आता राहू दे," एवढंच म्हणाले.

तात्या भडकले. "अक्कल आहे का तुला? तीन महिन्यांचा पाहुणा मी! माझं काय बिघडणार होतं?"

"उद्या स्पर्धा, अठरावं तुमचंच," म्हणत मी यंत्राची किल्ली पुढे केली. बडबडत बडबडत त्यांनी ती घेतली. नंतरही बराच वेळ मला बोलत होते, पण किल्ली काही परत दिली नाही.