बुटाच्या तळव्यावरची खूण

२ ऑगस्ट २००५, मंगळवार

बायकोचा, सायमाचा, रक्तदाब ठीक. माझा गुडघा कुरकुरतो, पण चालतो. मुलगा-सून ठणठणीत. नात एंजे, तिचा खोकला गेला. मांजरानं बाळसं धरलंय. सगळे जागेवर! अल्लाचे उपकार, आणखी काय मागू?

काझानभर रंगरंगोटी चाललीय. महिनाअखेर शहराला हजार वर्षं पुरी. किल्ल्यात म्हणे नखाएवढं जुनं नाणं सापडलं, त्यावरून जाणत्यांनी शहराचं वय काढलं! सायमाला पेपर वाचून दाखवला. म्हणाली, "तुमचं वय काढायला नाणं नको. जिना चढताना ऐकलं की पुरे."

एंजेचा निकाह सत्तावीसला. रविवारी व्याही येणार. नवरामुलगा रुझाल, गुणी आहे. त्याची आजी फर्खिनूर मात्र जुन्या वळणाची. सात पिढ्या मोजल्याशिवाय चहाला हात लावत नाही म्हणतात. सात पिढ्यांत रक्त एक निघालं तर लग्न नाही— ही आम्हा तातारांतली काळ्या दगडावरची रेघ.

५ ऑगस्ट

सात पिढ्या! माझी गाडी बापापाशीच अडते.

एकोणीसशे एकवीसच्या दुष्काळात माझे वडील, साबिरजान, काझानच्या स्टेशनवर सापडले. सहा-सात वर्षांचे. आईबाप वाटेत गेलेले. लोकांनी विचारलं, बापाचं नाव काय? म्हणाले, "बाबा!" एवढंच ठाऊक. हमीदुल्ला साबणवाल्यानं खांद्यावर घेऊन घरी आणलं. घरची चार पोरं अर्धपोटी, त्यात हे पाचवं. त्या माणसाचे उपकार कसे फेडायचे!

वडिलांनी सोबत एकच गोष्ट आणली होती, कुळाची खूण. तामगा म्हणतो आम्ही. पूर्वी गुरांवर, भांड्यांवर, थडग्यांवर असायची. उभी रेघ, माथ्यावर आकडी, बगलेत एक आडवी रेघ. पोरगं धुळीत बोटानं तीच काढत बसायचं म्हणे. पुढं वडील नमद्याचे, दाबलेल्या लोकरीचे, बूट करायला लागले, तर दर तळव्यावर तीच. मीही तसंच करतो.

शहराला हजार वर्षांचा पत्ता, आणि मला आजोबाचं नाव नाही!

७ ऑगस्ट

आले. सायमानं बटाटा-मांसाचे तिकोने केले होते, मधात घोळलेला गोड चकचक केला होता. फर्खिनूर ऐंशीची, पण काठीसारखी ताठ. मी खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, "विहीणबाई, माझ्याकडं दीडच पिढी आहे. उरलेल्या दुष्काळानं खाल्ल्या."

ती हसली. "असू द्या व्याही. माणसं चांगली दिसतात. तिकोनेही." आणि चहा उचलला! जीव भांड्यात पडला.

मग मी मोठ्या ऐटीत तिला माझ्या हातचे बूट दिले. रुझाल एंजेसारखाच मला आजोबा म्हणतो. म्हणाला, "बाबाय, भर ऑगस्टात?" मी म्हटलं, "थंडी काय विचारून येते?" तिनं जोड उलटा केला. तळवा पाहिला. कप खाली ठेवला.

"ही खूण कुणाची?"

"माझ्या वडिलांची."

तिनं सगळ्यांना उठवलं. लवकर निघाले. बूट मात्र छातीशी धरून नेले.

८ ऑगस्ट

एंजे चार वेळा विचारून गेली, "बाबाय, त्यांना बूट आवडले ना?"

१० ऑगस्ट

फर्खिनूर एकटीच आली, आर्स्कपलीकडच्या गावाहून, दोन बस बदलून. तिच्या घरच्या जुन्या लाकडी ताटाला तीच खूण आहे. फक्त आडवी रेघ नाही. तिच्या सासऱ्याचा थोरला भाऊ वेगळा निघाला, तेव्हा चालीप्रमाणं त्यानं एक रेघ वाढवली. दुष्काळात तो बायको आणि लहान पोर घेऊन काझानच्या वाटेला लागला. परत कुणी आलं नाही. पोराचं नाव साबिरजान.

थोरल्या भावाचं नाव झिगान्शा. माझे आजोबा झिगान्शा! सत्तराव्या वर्षी आजोबा मिळाले. मोठ्यानं म्हणून पाहिलं. मांजर दचकलं.

"म्हणजे तू माझा पुतण्या," ती म्हणाली. "सत्तर वर्षांचा पुतण्या!" दोघंही हसलो. मग दोघांच्याही एकदमच लक्षात आलं. तिचा नवरा तिमेरगाली, मुलगा नाइल, नातू रुझाल. इकडं साबिरजान, मी, माझा मुलगा, एंजे. बोटांवर मोजलं. पुन्हा मोजलं. एंजेपासून वर पाच पिढ्यांत गाठ, झिगान्शाचा बाप दोन्हीकडं एकच.

पाचच!

१२ ऑगस्ट

एंजेला सांगितलं. ती भांडी घासत होती, घासतच राहिली. मग म्हणाली, "तुमचे आजोबा सापडले. मी हसू की रडू, तेवढं सांगा."

सायमा रागावली, "सरकारला चालतं, डॉक्टरला चालतं, एका बुटाला चालत नाही!"

एंजे म्हणाली, "तुम्ही नको म्हणालात तर मी थांबेन, बाबाय." भांडली असती तर बरं झालं असतं.

१५ ऑगस्ट

मनात येतं, म्हणावं— खूण काय, कुणीही काढतो! योगायोग! कोण तपासणार आहे?

पण मन धजत नाही. मी शाळा थोडीच शिकलो, पण शहराचं जुनं हाती लागेल ते वाचत आलो. साडेचारशे वर्षांमागं रशियाच्या झारपुढं किल्ला पडला. आमच्या लोकांना शहराबाहेर काढलं. पुढं मशिदी पाडल्या, पुन्हा उभ्या राहिल्या. माझ्या वडिलांच्या हयातीत लिपी दोनदा बदलली. यातून आमच्याकडं राहिलं काय? ही सात नावांची चाल. ती मी मोडू? आणि जपू, तर पोरीचं मन मोडू?

आजोबा दिलेस, अल्ला, त्याबद्दल कुरकुर नाही. पण या भावात?

१८ ऑगस्ट

नमद्याला हात लावला नाही. रुझाल खाली बाकावर बसून आहे. सायमानं त्याला सूप नेऊन दिलं.

२१ ऑगस्ट, रविवार

फर्खिनूर आली. बरोबर मुलगा नाइल. बसलीच नाही. उभ्यानंच म्हणाली, "पुतण्या, मला मूल झालंच नाही. आम्ही दोघं अल्मेत्येव्स्कला तेलविहिरींवर कामाला होतो. तिथल्या अनाथालयातून नाइलला आणला. गावी परतलो तेव्हा कडेवर होता, सगळ्यांनी माझाच मानला. एकोणपन्नास वर्षं गप्प होते. रक्त आपलं नाही. पोरांना अडवू नका." आणि मुलाकडं वळून, "तुलाही आत्ताच कळतंय. माफ कर, बाळा."

नाइलनं आईच्या हातातली पिशवी घेतली. तिला खुर्चीत बसवलं.

"आई, मला तिसरीत असतानाच कळलं होतं. तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही."

२७ ऑगस्ट

निकाह झाला. माझी सातही नावं मी न अडखळता म्हटली, फर्खिनूरनं पाठ करून घेतली होती. नंतर कुणी विचारलं नव्हतं तरी आठवं म्हटलं— हमीदुल्ला साबणवाला. नाइल मोठ्यानं म्हणाला, "आमीन."