शेजारून आणलेले पेले

बसवनगुडी, बंगळूर
रविवार, १४ जून १९९८

तीर्थरूप दादास,

नयनाचा नमस्कार. तुझं पत्र पोचलं. वहिनीचा गुडघा कसा आहे? तिला उगाच जिने चढायला लावू नकोस. आमची शाल्मली दहावीत गेली, त्यामुळे घरात आता तिचंच राज्य. इथली हवा छान आहे. "सुहासरावांचा पगार पुरत नाही का, म्हणून झोपडपट्ट्या हिंडतेस?" असं तू गमतीने विचारलंयस. त्याचं उत्तर देते, पण आधी मला चिडायचंय, आणि माझी चिडचिड ऐकून घेणारा तूच एक.

मी जाते त्या सर्वेक्षणात घराला मार्क देतात. छप्पर, पाणी, संडास, भांडीकुंडी, पोरं शाळेत जातात का, असं सगळं बघायचं. मार्क जितके कमी, तितकं घर गरीब. जी वस्ती गरीब ठरेल तिला नळ आणि पक्की छपरं मिळणार. यशवंतपूरच्या घाऊक बाजारामागे हमालांची वस्ती आहे. पाण्याला एकच हापसा, तोही रुसका. येतं ते गढूळ. आणि ही वस्ती आमच्या कागदावर पास झाली! म्हणजे गरीब नाही! मी म्हटलं, हे होतंच कसं? आणि उठून स्वतः बघायला गेले.

पहिल्या घरी कॉफी मिळाली, लखलखीत स्टीलच्या पेल्यातून. दुसऱ्या घरीही तशीच. तिसऱ्या घरी पेला नीट पाहिला, तर त्यावर ठिपक्यांनी नाव घातलेलं, 'विठोजी'. मग आठवलं, मागच्या दोन्ही पेल्यांवरही असेच ठिपके होते. अगं बाई! म्हणजे पेले मागच्या दाराने माझ्यापुढे पळत होते. विठोजी तिथलाच एक हमाल, त्याच्या लग्नातला आहेर हा. पाहुणा येणार म्हटलं की शेजारून मागून आणायचं, आपल्याकडे नाही का करत? तशात आमची सर्वेक्षणाची मंडळी "उद्या येतो हं" म्हणून आदल्या दिवशी सांगून गेलेली. मग काय, पेले, पितळी हंडा, कुणाचा तरी टेबलफॅन, सगळं घरोघर फिरलं आणि आमच्या पोरांनी इमानेइतबारे मार्क दिले.

आमचे साहेब भीमाचार्य. माणूस भला, पण कागदाबाहेर बघायचं नाही. "जे दिसलं ते लिहिलं, मॅडम. स्वल्प समजून घ्या." मी हटून बसले. शेवटी म्हणाले, सामान मागून आणलं होतं असं बायकांनी आपल्या तोंडाने सांगितलं, तर मंगळवारी पुन्हा पाहणी करू. नाहीतर बुधवारी गरीब वस्त्यांची यादी आहे तशी वर जाईल, आणि एकदा गेली की गेली.

मला वाटलं, जिंकले. कसलं काय! बायका ऐकेनात. जतकडची सकवारबाई त्यांची म्होरकी. ती म्हणाली, "चारचौघांत आमी भिकारी हाय म्हनून सांगू?"

माझं डोकंच फिरलं. म्हटलं, "मग जपा अब्रू आणि पाजा पोरांना तेच गढूळ पाणी!"

ती काही चिडली नाही. म्हणाली, "अक्का, तुमच्या म्हायेरची मानसं आली की तुमी घर हाय तसं दावता व्हय?"

दादा, मला आपली भाऊबीज आठवली.

तर आता तुझं उत्तर. पगार पुरत नाही असं नाही. पगारच नाही. ह्यांचा कारखाना गेल्या श्रावणात बंद पडला. भाऊबीजेला तू जेवलास ती चांदीची ताटं समोरच्या शारदाम्मांची. खाली कन्नडमध्ये त्यांचं नाव आहे, तुला वाचता येत नाही म्हणून निभावलं. फ्रीज दुरुस्तीला गेला नव्हता, विकला होता. तू कौतुकाने म्हणालास, "सुहासरावांनी बस्तान झकास बसवलंय हो," आणि हे खाली मान घालून श्रीखंड वाढत राहिले. मला तेव्हा मोठ्याने रडावंसं वाटत होतं.

सकवारबाईला म्हटलं, "नाही दाखवत. पण आता दाखवते. भावाला सगळं लिहून कळवते." ती पक्की निघाली. "आदी पत्र पेटीत पडू द्या, मग आमी बोलतो." म्हणून हे पत्र उद्या यशवंतपूरच्या पेटीत पडेल, त्या सगळ्या बायकांच्या देखत. ती वस्ती यादीत आल्याशिवाय मी काही स्वस्थ बसणार नाही.

हे आधी भडकलेच. "माझी अब्रू वेशीवर टांगतेस का?" म्हणाले आणि जेवले नाहीत. आज दुपारी मात्र स्वतःच पाकीट ओढून घेतलं. वरचा पत्ता त्यांच्या हातचा आहे, अक्षर ओळखलं असशीलच.

मनीऑर्डर करू नकोस, परत पाठवीन. तू स्वतः ये. पण आधी कळवलंस तर मी पुन्हा शारदाम्मांचं दार वाजवीन, माझा मला भरवसा नाही. तेव्हा न कळवता ये.

तुझीच,
नयना