त्र्याहत्तर वर्षांची अल्पवयीन

१४ ऑक्टोबर, मंगळवार

मी अल्पवयीन आहे. फोन म्हणतो! त्र्याहत्तर पूर्ण झाली, दोन्ही गुडघे बदलून झाले, आणि हा तळहाताएवढा फोन मला सांगतो – हे पान फक्त प्रौढांसाठी आहे.

पान कसलं, तर आमच्या कोंबडी मंडळाच्या प्रदर्शनाचं. यंदापासून नावं द्यायची ती फक्त इंटरनेटवर. नवा सेक्रेटरी इयन – त्याला कागदाचं वावडं आहे. त्याला फोन लावला तर म्हणाला, सगळ्यांचं उघडतंय, मिस हॉलरॉइड, तुमच्याच फोनला काहीतरी झालंय.

मलाच काहीतरी होईल आता.

१५ ऑक्टोबर

कळलं! शेजारच्या क्लिफर्डने भिंतीवरून डोकावून सांगितलं. दोष ‘कॉक’ या शब्दाचा. कॉक म्हणजे कोंबडा. माझे वडील म्हणायचे, पाद्रीबाबा म्हणतात, खालच्या पबच्या पाटीवर सोनेरी अक्षरांत आहे. त्याचा दुसरा अर्थ शाळेच्या मुतारीत लिहिलेला असतो, तो मलाही ठाऊक आहे. मी काही काल जन्मले नाही. पण फोनला तेवढाच ठाऊक! आणि त्या पानावर तर वरपासून खालपर्यंत तेच – कॉक काळा, कॉक पांढरा, कॉक कुठल्याही रंगाचा. बिचाऱ्याला घाम फुटला असेल.

गंमत म्हणून शोधून पाहिलं – कोंबडी कापायची कशी, सोलायची कशी, भाजायची कशी. सगळं उघडतं, रंगीत फोटोंसकट. जिवंत कोंबडा मात्र पोरांनी बघायचा नाही.

क्लिफर्ड म्हणाला, माझ्या फोनवरून देतो तुझं नाव. मेले तरी नाही म्हटलं. त्याच्या शेकोटीवरच्या फळीवर प्रदर्शनाचा चांदीचा कप कित्येक वर्षं बसून आहे, रोज खिडकीतून दिसतो. तो कप काढून घ्यायला त्याचाच फोन मागू?

१८ ऑक्टोबर, शनिवार

फोनच्या दुकानात गेले. काउंटरवरची मुलगी गोड होती, नखं एवढी लांब की बटणं कशी दाबते कोण जाणे. म्हणाली, वयाचा पुरावा म्हणून क्रेडिट कार्ड दाखवा, लगेच कुलूप काढते. क्रेडिट कार्ड मी जन्मात घेतलं नाही. आईने शिकवलं होतं, हातात असेल तर घ्यायचं, नसेल तर दुकानासमोरून चालू पडायचं. म्हणजे यांच्या हिशेबाने उधारी करतो तो मोठा, आणि जी करत नाही ती कुक्कुलं बाळ!

मग पासपोर्ट? नाही. स्कारबरोच्या समुद्रापलीकडे मला कधी काही बघावंसं वाटलं नाही. गाडीचं लायसन्स? आयुष्यभर सायकल. शेवटी बसचा पास काढून ठेवला. फोटोसकट! म्हाताऱ्यांनाच देतात तो!

तिने पास हातात घेऊन परत दिला. “यादीत नाही हा, आजी. तुमचं वय मला दिसतंय हो. कंप्युटरला दिसत नाही.”

दिसतंय म्हणे! चिडून क्रीमचा बन खाल्ला. मग आणखी एक.

२१ ऑक्टोबर

वाचनालयात कंप्युटर आहे. वाचनालयाचं छप्पर गळतंय. वसंतापर्यंत बंद.

२४ ऑक्टोबर

हेल्पलाइनवर एवढं संगीत ऐकलं की आता पाठ झालंय. शेवटी एक मुलगा आला. सगळं ऐकून घेतलं आणि कागदावरचं वाचल्यासारखा म्हणाला, घरात कोणी मोठं माणूस आहे का? म्हटलं, आई आहे, पण ती चर्चमागे पुरलेली आहे. मग म्हणाला, काळजी घ्या.

२८ ऑक्टोबर

हसून घेतलं, पण खरं सांगायचं तर झोप उडाली आहे. तीस वर्षं ठेंगू कोंबडे पाळतेय. सार्जंटसारखा एकही झाला नाही. पाठीला खोट नाही, शेपटीचं पीस न् पीस जागच्या जागी, आणि तुरा तर पोस्टाच्या पेटीसारखा लाल. परीक्षकांसमोर नेलं की आपणहून छाती काढतो. पण कोंबड्याचा बहर एकच हिवाळा टिकतो. पुढल्या वर्षी तुरा एका बाजूला कलेल, पायांवर खवले चढतील. कप यंदाच. नाहीतर मग कधीच नाही.

३१ ऑक्टोबर

नावं द्यायची मुदत संपली. खुराड्यात जाऊन रडले. सार्जंटने बुटाची लेस ओढली.

२ नोव्हेंबर, रविवार

सकाळी क्लिफर्ड भिंतीपाशी, टोपी हातात. म्हणाला, सार्जंटला आंघोळ घालायला लाग, नाव दिलंय मी. न विचारता! अंगाचा तिळपापड झाला. आणि आनंदही झाला, तेही खरं. कसं दिलंस म्हटलं तर म्हणाला, दिलं कसंतरी, चालतंय ते. आणि टोमॅटोच्या काचघरात पळाला. नोव्हेंबरात तिथे एक टोमॅटो नाही.

आल्याचा केक केला, पार्किन. अर्धा भिंतीवर ठेवून आले.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

सार्जंटची आंघोळ – बेसिनमध्ये, लहान मुलांच्या शाम्पूने. मग टीव्हीसमोर मांडीवर घेऊन हेअर ड्रायर. त्याला फार आवडतो, डोळे मिटतो. तुऱ्याला व्हॅसलीन लावलं. मला इतकं कुणी कधी नटवलं नाही!

१५ नोव्हेंबर, शनिवार

जिंकला!!

परीक्षकाने सार्जंटला पिंजऱ्यातून दोनदा काढून पाहिलं, क्लिफर्डच्या कोंबड्याला एकदाच. पिंजऱ्यांवर नुसते आकडे, नावं शेवटी पुकारतात. मी पर्स खाली ठेवली, केस नीट केले, पुढे सरकले. इयनने माइकवर सांगितलं –

“प्रदर्शनाचा कप – श्रीयुत आणि सौभाग्यवती क्लिफर्ड सग्डन.”

टाळ्या! कुणीतरी शिट्टी मारली. मांस भरलेल्या पेस्ट्र्या विकणारी बाई काउंटर सोडून धावत आली, मला मिठी मारली आणि म्हणाली, अगं, कळवलंसुद्धा नाहीस! मी सार्जंटपेक्षा लाल. कप घेतला, कोंबडा घेतला, आणि घरी बसने आले. क्लिफर्डच्या गाडीत बसले नाही.

१६ नोव्हेंबर

पडदे ओढून बसले. दारावर दोन केक आणि एक शुभेच्छापत्र. त्यावर लग्नाच्या घंटा!

१९ नोव्हेंबर, बुधवार

आज क्लिफर्डला आत घेतलं. चहा दिला, बिस्किट दिलं नाही.

तो खुर्चीच्या कडेवर बसून सांगत होता. एका फोनवरून एकाच मालकाचं नाव देता येतं. दुसऱ्याचं पाखरू उतरवायचं तर भागीदारीत. आणि भागीदारीचे पर्याय दोनच – एक ‘पती-पत्नी’, दुसरा ‘वडील व मुलगा’.

हसू दाबताना चहा नाकात गेला.

मग त्याने खिशातून इयनला लिहिलेली चिठ्ठी काढली. नोंद खोटी होती, दोष माझा, नोराचा नाही. आज पोस्टात टाकतो म्हणाला. म्हणजे माझं नाव सुटेल आणि कप जाईल. खोट्या नोंदीचं बक्षीस मंडळ परत घेतं, आणि सार्जंट पुन्हा प्रदर्शनात उभा राहायचा नाही.

कपाकडे बघितलं. तो आता माझ्या फळीवर आहे. विचारलं, आणखी कुठला पर्याय शोधलास तरी का? इयनला फोन करून विचारलंस?

तो चहा ढवळत राहिला. साखर घेतच नाही तो.

“फार नाही शोधला, नोरा,” म्हणाला.

चिठ्ठी मी ठेवून घेतली. पोस्टात मीच टाकते म्हटलं.

२२ नोव्हेंबर, शनिवार

कपावर नाव जिंकणाऱ्यानेच कोरून घ्यायचं असतं. बाजारातल्या घड्याळजीकडे नेला. नाव काय घालू, त्याने विचारलं. म्हटलं, माइकवर पुकारलं तेच. क्लिफर्ड बाहेर गाडीत बसून आहे. त्याला अजून सांगितलेलं नाही.