पुलाबद्दलची ती ओळ

मंगळवार, १४ तारीख. सनीव्हेल.

संध्याकाळी अमेरिकेच्या व्हिसाचा फॉर्म भरायला बसलो. पाच वर्षांतली सगळी ऑनलाइन अकाउंट्स लिहा म्हणतात. एकदम ती ओळ आठवली आणि फॉर्म तिथेच राहिला.

जुन्या ब्रिटिश पोलीस मालिकांच्या एका साइटवर लोक एकेका एपिसोडबद्दल मतं लिहितात. पुलावरचा बॉम्ब हिरो शेवटच्या क्षणी निकामी करतो, तो एपिसोड मला फुसका वाटला. म्हणून मार्चमध्ये लिहिलं होतं, ‘तो पूल उडवायलाच हवा होता.’

मालिकेतला पूल! पण त्या ओळीत मालिका आहे कुठे?

बायकोला, मीनलला दाखवलं, तर ती उलट माझ्यावरच भडकली. “यार, डिलीट कर ना! आईंच्या ऑपरेशनला भारतात जायचंय. तिकडे पासपोर्टवर व्हिसाचं स्टॅम्पिंग अडकलं तर परत कसे येणार?”

पण डिलीट केल्याचं कळलं तर? लपवलं म्हणतील? की मीच उगाच घाबरतोय? कोण वाचत बसलंय पूल-बिल?

शेवटी केली डिलीट. हुश्श म्हणून खाली पाहिलं, तर इंग्लंडमधल्या कुणा आजोबांनी माझी ओळ, माझ्या नावासकट, जशीच्या तशी उचलून खाली लिहिलंय, ‘शंभर टक्के सहमत. कुणीतरी या माणसाचं म्हणणं मनावर घ्या.’